अठराच्या आतले हात

टोकावड्याच्या अलीकडे एका ढाब्यावर मी भाकऱ्या थापते. परवा माळशेजला निघालेली गाडीभर माणसं जेवायला बसली होती. मोबाईलवर बातमी चालू होती, कुठल्याशा देशात म्हणे सोळाव्या वर्षीच मत देता येणार. त्यातला एक हसला, "त्या वयात काय डोंबल कळतं?" माझ्या हातची भाकर तव्याबाहेर पडली. मेल्या, काय कळतं ते मला विचार!

मी सतरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आमची वाडी गावाच्या कडेला, स्वतःचं शेत कोणालाच नाही. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि आमच्यासारखी पोरं. त्या साली आई धाकटीला माझ्यावर सोपवून गेली. धाकटी तिसरीत होती, तोंडाची टकळी बंद नाही. रेशन, सरपण, तिची वेणी, तिची शाळा, सगळं माझ्या गळ्यात. वाडीच्या बैठकीत घरामागे एक शब्द असतो आणि घर ज्याच्या हाती, शब्द त्याचा. म्हणून मी बोलायचे आणि म्हातारे गुमान ऐकायचे.

आमच्या विहिरीला कठडा नव्हता. काठाचे दगड झिजून गुळगुळीत झालेले. झेंडावंदनाच्या दिवशी गावात ग्रामसभा होती आणि निधी एकाच कामापुरता होता. वेशीवर कमान बांधायची, नाहीतर आमच्या विहिरीला कठडा. मला वाटलं, तिथेही घरामागे एक शब्द चालत असणार. मी दारोदार फिरले. "घरातलं एकेक जण चला रे, हात वर करायचाय." पोरं धुतलेले कपडे घालून आली, धाकटीही शेपटासारखी मागे.

आम्ही हात वर केले तसे ग्रामसेवक म्हणाले, "अठराच्या आतले हात खाली."

मी उठले. "साहेब, घर आमी चालवतो. आईबाप भट्टीवर गेलेत."

"मग त्यांना आणायचं ना गो! पोरखेळ हाय का हा?" मागून कोणी बोललं आणि सगळी सभा हसली. आमचे चार म्हातारे हात तेवढे वर राहिले. कमान मंजूर झाली. जळली मेली ती कमान! रागानं मला रडू फुटलं.

वाटेत धाकटीनं विचारलं, "ताये, मग कठडा नाय होणार?"

"पुढच्या साली मी अठराची होतेय. तवा बघते एकेकाला."

चैत्रात पाणी तळाला गेलं. दोर सोडायला पार वाकावं लागे. त्या दिवशी मी मोळी विकायला बाजारात गेले होते. ताई दमून येईल म्हणून धाकटी हंडा घेऊन एकटीच विहिरीवर गेली आणि तोल जाऊन आत पडली. मी आले तोवर गावच्या पोरांनी गळ टाकून तिला बाहेर काढली होती. सभेत हसलेलेही त्यात होते.

मग पोलीस आले. हवालदारानं विचारलं, "घरात मोठं कोण?"

"आईबाप भट्टीवर. फोन लागत नाय."

"तू कोण?"

"थोरली बहीण. पण मला अठरा नाय झाली."

"त्याला काय होतंय, चालतं," तो म्हणाला आणि त्यानं तिच्या तोंडावरची चादर काढली. "नीट बघ आणि सांग, हीच ना?"