पोरीचं रॅप आणि भिशीचा दुसरा नंबर

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कोणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागलंच तर आधीच माफी मागून ठेवते. मला बोलता येत नाही म्हणून लिहिते. चार बायका जमल्या की माझा आवाज गळ्यातच अडकतो. आणि माझ्या पोटी जी पोरगी आली ती माइक धरून ओरडते. हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही रायपूरजवळ बीरगांवला राहतो. इथे मोहल्ल्याला पारा म्हणतात. नवरा रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. मी चौबे कॉलनीत एका मराठी घरी स्वयंपाक करते. पोरगी बारावीनंतर शंकर नगरमध्ये मोबाइलच्या दुकानात बसते. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. तिच्या बापाशीही तसंच. घरात दोन भाषा भांडतात आणि जेवणं होतात.

नववीत असताना ती गच्चीवर एकटीच पुटपुटायची. मला वाटलं, फोनवर कोणी पोट्टा आहे. एक दिवस जिन्यात उभी राहून ऐकलं. पोट्टा वगैरे काही नव्हता. ती श्वास न घेता भरभर बोलत होती, अडकली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. मला वाटलं परीक्षेचं पाठ करते. परीक्षेत ती नापास होता होता राहिली, तेव्हा कळलं की ते दुसरंच काही होतं.

मग रविवारी बागेत जाणं सुरू झालं. तिथे पोरं गोल करून उभी राहतात, एक जण तोंडाने ढोलासारखा आवाज काढतो आणि बाकीचे आळीपाळीने बोलतात. त्याला ते सायफर म्हणतात. एकटी पोरगी कशी पाठवू, म्हणून मी पहिल्यांदा सोबत गेले आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसले. सगळ्या पोरांचं झाल्यावर शेवटी तिला बोलू दिलं. ती गल्लीची वाघीण आहे, कोणाला घाबरत नाही, असं काहीतरी ती हात उडवत म्हणाली.

परत येताना मी म्हटलं, "कोणत्या गल्लीची वाघीण? पाऱ्यातलं कुत्रं दिसलं तर माह्या मागे लपते तू."

"आई, वो स्टाइल होता है. तुझे नहीं समझेगा."

हे "तुझे नहीं समझेगा" मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मधेच तोडून मीच म्हणते, "नाही समजत मले, पुढे सांग."

पुढे ती सांगायची की आपलं स्वतःचं गाणं काढल्याशिवाय कोणी रॅपर मानत नाही. बागेत बोलणं वेगळं, गाणं वेगळं. तिच्या दुकानाजवळच एक स्टुडिओ होता. तिने मला तिथे नेलं. भिंतींना काळा स्पंज लावलेली एक खोली, टोपी घातलेला एक मुलगा आणि एसी इतका थंड की मी पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. तो म्हणाला, "आंटी, बीट, रिकॉर्डिंग, मिक्सिंग, वीडियो, सब पैकेज में है." पॅकेज चोवीस हजारांचं होतं. पोरगी माझ्याकडे पाहत होती. तिने आजवर कधी चांगली चप्पलसुद्धा हट्टाने मागितली नव्हती.

नवरा म्हणाला, "चोवीस हजारांत मी मोठा कूलर घेतला असता अन् रोज त्याचाच आवाज ऐकला असता."

आमच्या पाऱ्यात बायकांची भिशी आहे. बारा जणी, महिन्याला दोन हजार. सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतात आणि ज्या महिन्यात जिचा नंबर तिला सगळी रक्कम. भिशी चालवते ती शेजारची छत्तीसगढी बाई. तिला सगळ्या दीदी म्हणतात. त्या वर्षी दिवाळीनंतर भिशी सुरू झाली आणि दुसरा नंबर तिचा निघाला, माझा शेवटचा. तिला त्या पैशात छताची ढलाई, म्हणजे स्लॅब, करायची होती. घरावर पत्रे होते, तेही भोकांचे. मी पोरीला घेऊन तिच्या दारात गेले आणि उभीच राहिले. तोंडातून शब्द निघेना. शेवटी पोरगीच बोलली की गाणं काढायचं आहे.

दीदी हसली. "गाना? ले जा न. मोर छत देवारी तक रुक जाही." तिचं छत म्हणे दिवाळीपर्यंत थांबेल.

तिने आपला दुसरा नंबर मला दिला आणि माझा शेवटचा स्वतः घेतला. भिशीत नंबर उचलून झाला की पुढचे सगळे हप्ते भरावेच लागतात. माझा हप्ता थकला तर भिशी चालवणारी म्हणून दीदीने पदरचे भरायचे. म्हणजे तिच्या छतातूनच जाणार. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

स्टुडिओवाल्याने महिन्याभराचे अडीच महिने केले. आज मिक्सिंग, उद्या मिक्सिंग. पोरगी रोज दुकानातून उठून त्याच्या दारात जायची. त्या काळात चौबे कॉलनीतल्या काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. खूप बायका येणार म्हणून मी पोरीला मदतीला नेलं. बायकांनी धाकट्या सुनेला उखाणा घ्यायला सांगितलं. ती नवीनच लग्न होऊन आलेली, लाजली, अडली. माझंही लग्नात असंच झालं होतं. पोरगी तिळगुळाचं ताट घेऊन जवळच उभी होती. तिने वाकून त्या सुनेच्या कानात काहीतरी सांगितलं. सुनेने घेतलं:

लिफ्ट पडली बंद, पिशव्या झाल्या जड,
आणि मग नवऱ्याचं नाव घालून, ते सोबत असले तर तिसरा मजला नाही अवघड.

बायका खूप हसल्या. काकूंची लिफ्ट खरंच बंद होती, सगळ्या धापा टाकत आल्या होत्या. निघताना दोघी-तिघींनी पोरीचा नंबर घेतला. घरी येताना ती म्हणाली, "ये तो बच्चों का काम है. दो लाइन, एक तुक."

गाणं शेवटी आलं. मी चार वेळा ऐकलं. बीट इतका मोठा की पोरीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. पाऱ्यातल्या पोरांनी पाहिलं, दुकानातल्या लोकांनी पाहिलं, नागपूरच्या माझ्या भावाने अंगठा पाठवला. आणि झालं. पैसे कुठून येतील असं मी विचारलं तर म्हणाली, "अभी तो प्रमोशन है, आई. पैसे बाद में आते हैं." तो बाद अजून आलेला नाही.

त्याच सुमारास मिलमध्ये काम कमी झालं. नवऱ्याला आठवड्यातून तीनच दिवस बोलावू लागले. माझ्या पगारात घर चालायचं, हप्ता निघायचा नाही. दोन महिने मी भरला नाही.  दीदी नळावर भेटली की फक्त टमाटरच्या भावाबद्दल बोलायची. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी पाणी भरायला उशिरा जाऊ लागले.

तेव्हा मी पोरीला म्हटलं, "त्या बायका तुले उखाणे मागून राहिल्या, तू देत काहून नाही?"

तिने मनाविरुद्ध सुरू केलं. शंभर रुपयाला एक. शिंप्याने माप घ्यावं तसं आधी विचारायची, "नाम कितने अक्षर का है?" तीन अक्षरी नाव सगळ्यात सोपं, टाळी वाजवून बसवता येतं. पाच अक्षरी असलं तर पन्नास जास्त. तिला मराठी शब्द येत नव्हते म्हणून मी पोळ्या लाटता लाटता शब्द पुरवायची. "आई, परात के साथ क्या जाएगा?" मी म्हणायची, वरात, घरात, भरात. ती नुसतं "हं" म्हणायची. भांड्याच्या कपाटातून भांडी काढावीत तसं ती माझ्यातून शब्द काढायची आणि माझ्याकडे पाहायचीही नाही.

चैत्रात काकूंनी पुन्हा हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं. मी आणि पोरगी सकाळपासून स्वयंपाकघरात होतो. बाहेर थोरल्या सुनेने उखाणा घेतला, सगळ्यांनी वाहवा केली. मग धाकटी उठली आणि तिने तोच उखाणा घेतला. अक्षर न अक्षर तोच, फक्त नाव वेगळं. आधी एकीला हसू आलं, मग सगळ्यांनाच.

मी पोरीकडे पाहिलं. ती ग्लासात पन्हं ओतत होती, ते बाहेर सांडलं.

"मुझे क्या पता दोनों एक ही घर की हैं? दोनों ने अलग-अलग मैसेज किया. दोनों का तीन अक्षर का नाम था."

दोन्ही सुनांनी एकमेकींपासून लपवून मागवला होता. एकीला दुसरीवर मात करायची होती.

काकू आत आल्या. आवाज चढवला नाही. "तुझ्या पोरीनं माझ्या घरात एकच पातळ दोघींना नेसवलं. आता उद्या सगळ्या कॉलनीत हेच होणार. तू ये कामाला, पण हिला आणू नको. आणि मला विचार करू दे."

मला विचार करू दे म्हणजे काय, ते मला कळलं. ते काम गेलं तर हप्ता कायमचा गेला. मी बोलायला तोंड उघडलं, पण "काकू" एवढंच निघालं. पोरीने हात पुसले आणि सरळ बाहेर गेली. मी तिची ओढणी धरली, ती माझ्या हातात राहिली.

बैठकीत ती म्हणाली, तिच्या मोडक्या मराठीत, "चूक माझी आहे. आता ज्यांना पाहिजे त्यांना इथंच बनवून देते. एकदम नवीन. फ्री."

एक आजी म्हणाल्या, "बस, आधी हिलाच दे, ही रडायला आली."

पोरीने पन्ह्याचा रिकामा जग उचलला आणि त्यावर बोटं वाजवली. बागेत वाजायचं तसंच. मग धाकट्या सुनेसाठी म्हणाली:

जाऊबाईंनी घेतला उखाणा, तोच आला माझ्या वाट्याला,
...रावांना सांगते, साड्या दोन आणा, एक नको दोघींना वाटायला.

थोरली सूनच सगळ्यात आधी हसली. मग एकेक बाई नाव सांगू लागली आणि ही जगावर बोटं वाजवून लगेच देऊ लागली. सगळे चांगले नव्हते. काही ओढूनताणून आणलेले होते. त्या आजींच्या वेळी अडकलीच. "रायपूरच्या उन्हात मिळत नाही सावली" इथवर आली आणि थांबली. स्वयंपाकघराच्या दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. माउली हा शब्द माझ्या तोंडात होता. बाहेर नाही आला. एवढ्या बायका होत्या. तिने सासूबाई एकदम भली असं काहीतरी जुळवलं आणि पुढे गेली. कोणी मनावर घेतलं नाही. मला मात्र त्याचा अजून त्रास होतो. पोरीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, जी माझ्याकडे होती.

काकूंनी माझं काम ठेवलं. वर पोरीची ओटी भरली, तेव्हा ती ओढणीशिवाय अवघडून उभी होती.

धाकट्या सुनेने ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. तिने ते टाकलं आणि चार दिवसांत ते रायपूरच्या मराठी घरांतून नागपूर, अमरावतीपर्यंत गेलं. माझ्या भावाने या वेळी फोन केला. मला वाटलं पोरगी खूश होईल. ती बसस्टॉपवर माझ्या शेजारी बसून रडली.

"चौबीस हज़ार का गाना किसी ने नहीं सुना. जग बजाया तो सुना."

बागेतली पोरं तिला उखाणा क्वीन म्हणू लागली. तिने रविवारी जाणं बंद केलं. आणि इकडे फोनवर फोन. लग्न, डोहाळजेवण, मंगळागौर. एका घरी समोर येऊन करायचे हजार रुपये. ती नाही म्हणायची.

"मैं रैपर हूँ. उखाणेवाली बाई नहीं हूँ."

तेव्हा मात्र माझा आवाज निघाला. घरात तरी निघतो. "तू कोण आहे ते मले नको सांगू. पाऊस तोंडावर आला, दीदी पत्र्यावर प्लास्टिक टाकून राहिली. ते प्लास्टिक तुह्या गाण्याचं आहे."

ती उठून गेली.  तिसऱ्या दिवशी भाताचा घास तोंडात घेऊन म्हणाली, "बोल दे उनको. आऊँगी."

पावसाळाभर ती गेली. मी सोबत जायची, दाराशी बसायची. ती काळा टी-शर्ट घालूनच जायची, बायकांनी कितीही नाकं मुरडली तरी. हसून बोलायची आणि परतताना गप्प. पैसे माझ्या हातात असे ठेवायची जशी काही ती माझी उधारी होती. थकलेले दोन हप्ते आधी फिटले. मग दर महिन्याचा वेळेवर जाऊ लागला. नवऱ्याचं काम पुन्हा पुरतं सुरू झालं, पण त्याने आपले पैसे पुढे केले तर ती म्हणाली, "पापा, रहने दो. ये मेरा है."

मधे तिने एक नवीन गाणं केलं, फोनवर, रजई पांघरून. मला ऐकवलं नाही. मी तिच्या नकळत ऐकलं. आवाज या वेळी स्वच्छ होता. एकही मराठी शब्द त्यात नव्हता. ते कोणी फारसं ऐकलेलं नाही. ती पुन्हा बागेत जाते. पोरं अजून तिला त्याच नावाने हाक मारतात आणि शेवटीच बोलू देतात. मी सांगितलं, सोड त्यांना. ती म्हणाली तुझे नहीं समझेगा, आणि या वेळी मी मधेच तोडलं नाही.

दिवाळीच्या आधी शेवटचा हप्ता होता. मी न्यायला निघाले तर पोरीने नोटा माझ्या हातून घेतल्या आणि स्वतः दीदीकडे गेली. मी मागोमाग गेले. दीदीच्या अंगणात गिट्टी आणि रेतीचे ढीग आधीच पडले होते. तिने नोटा मोजल्या, बाकीच्या बायकांच्या नोटांत मिसळल्या आणि सगळा गठ्ठा बांधून स्वतःच्या मांडीवर ठेवला, कारण तो शेवटचा नंबर तिचाच होता.

"हव," मान हलवत ती पोरीला म्हणाली, "पूरा होगे." म्हणजे, पूर्ण झालं.