श्यूबाई आणि सरळ रेघ

बरोबर उत्तराचीही किळस येते, हे मला श्यूबाईंमुळे कळलं.

श्यूबाई म्हणजे डॉक्टर श्यू मेइलान. ऐन तारुण्यात चीनमधून इथे अमेरिकेत आल्या. आमच्या फिजिक्स विभागात स्वतःची लॅब मिळवणारी पहिली बाई. मी, इला, त्यांच्या हाताखाली पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेते, शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून बर्फातून गाडी हाकत येते. युनिव्हर्सिटीचं नाव सांगत नाही, तेवढीही तिची लायकी नाही.

बाईंची पद्धत साधी. मुलांना दोरी, एक जड नट आणि स्टॉपवॉच द्यायचं. लंबक बांधा, गुरुत्वाकर्षण मोजा. ९.८१ हे उत्तर मुलांना शाळेपासून पाठ असतं, पण त्याला बाईंकडे मार्क नव्हते. कुणाचं ९.४ आलं की बाई खूश. "कुठून आलं? शोध," म्हणत स्टूल ओढून शेजारी बसायच्या. नटाच्या वजनाने दोरी ताणली जाते, हे पोरांना असंच कळायचं. कुणाचं पहिल्याच फटक्यात ९.८१ आलं, की बाईंच्या कपाळाला आठ्या. "नको असलेली रीडिंग कुठे टाकलीस?"

माझ्याबरोबर प्रॅक्टिकल घेणाऱ्या नागपूरच्या सुमंतला हे पचेना. आमच्याकडे कॉलेजात आधी उत्तर लिहायचं आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंग मागून बसवायची. त्यात हा पटाईत. मुलांना गुपचूप आकडे पुरवायचा.

"अगं, मुलांचा फीडबॅक मस्त येतो यार! तू कशाला टेन्शन घेतेस?"

मला त्याच्या शेजारी बसून डबा खाववेना.

बाईंबद्दल मुलांचा फीडबॅक मात्र वाईट. 'उत्तर सांगत नाहीत', 'वेळ फुकट जातो'. झालं, विभागाला निमित्त मिळालं. बाईंचं प्रॅक्टिकल बंद करून तयार किट आणायचं घाटू लागलं. निर्णय कमिटीच्या मतांवर.

मतदानाआधी कमिटीसमोर किटचा डेमो होता; मी आणि सुमंत नुसते बघायला. सेन्सरखाली चकचकीत लंबक हलला, पडद्यावर ठिपके उमटले, सरळ रेघ आली, खाली ९.८१. टाळ्या पडल्या. बाई उठल्या. लंबक हाताने थांबवला, सेन्सरची वायर उपटली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

पडद्यावर ठिपके पडतच राहिले. एकामागून एक, सरळ रेघेत. ९.८१.

मला वाटलं, जिंकलो! आता कुठल्या तोंडाने किट घेतील?

विभागप्रमुख हसले. "बघा, किती रिलायबल आहे!" किटचा विक्रेता 'डेमो मोड, आकडे आधीच भरलेले' असं काहीतरी पुटपुटला. मग सगळेच हसले, सुमंत सगळ्यांत मोठ्याने. फिजिक्समध्ये डॉक्टरेट केलेली माणसं ही! शिसारी आली मला. मग किटसाठी हात वर झाले. बाईंचा सोडून कमिटीतल्या सगळ्यांचे.

बाहेर कॉरिडॉरमध्ये माझा तोल सुटला. "मॅडम, हे व्होटिंग मी मानत नाही. थुंकावंसं वाटतंय या लोकांवर."

बाई बोटांभोवती दोरी गुंडाळत होत्या.

"मानायचं," त्या म्हणाल्या. "नको असलेलं रीडिंग आहे. खोडायचं नाही."

हे रीडिंग कुठून आलं, हे मात्र या वेळी त्यांनी विचारलं नाही. सुमंत अजून आत हसत होता.