गुरुवारी लागलेला कटला

माझे भगवंतमामा बारा वर्षं मासे धरायला जात होते आणि बारा वर्षांत त्यांनी पातेल्यात घालण्यासारखा एकही मासा धरला नव्हता. बोटाएवढी पिल्लं लागायची, ती ते "जा, मोठा होऊन ये" म्हणून परत सोडायचे. मोठा होऊन कोणी आलं नाही.

धारच्या बाहेर, मांडूच्या रस्त्याला एक तळं आहे. तिथला चौकीदार भूपेंद्र काठावर कुणाला उभं करत नाही. मामांना मात्र चिंचेखालचा दगड कायमचा दिलेला. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, "भिया, बाकी लोग मछली ले जाते हैं. काकासाब तो खिलाके जाते हैं."

ते खरंच होतं. मामांचा चारा म्हणजे बाफल्यांची, आमच्याकडच्या बाट्यांची, कणीक, त्यात बडीशेप, हिंग, गूळ आणि घरचं तूप. हा गोळा दोन दिवस डब्यात मुरायचा. सोनकच्छचे व्याही एकदा तो चुरमा समजून वाटीभर खाऊन गेले आणि वर म्हणाले, तूप जरा कमी पडलंय. मासे तेवढंही बोलत नसत. गळाच्या काठीला आमच्याकडे बंसी म्हणतात. मामांची बंसी वेताची, जुनी, तेल लावून काळी झालेली. मासा लागला की बुडणारी मोरपिसाची दांडी पाण्यावर तरंगत ठेवून ते तिच्याकडे असे बघत बसायचे की तेवढं लक्ष संसारात दिलं असतं तर घराला दुसरा मजला चढला असता. हे माझं नव्हे, मामींचं वाक्य.

सुमंगलामामी देवासच्या. देवासच्या माणसाला पुरावा लागतो. एकदा मामांनी बाजारातून रोहू आणला आणि "मीच धरला" म्हणून छाती काढली. मामींनी चष्मा लावला, माशाचा ओठ उलटा करून पाहिला आणि विचारलं, "गळाचं भोक कुठंय? आणि तळ्यात बर्फ कधीपासून पडायला लागला?"

त्या दिवशी निकाल लागला. मार्गशीर्षात खंडोबाचे घट बसतात, त्याच्या आत मामांनी स्वतः धरलेला मासा मामींच्या चुलीवर चढला पाहिजे. नाहीतर बंसी माळ्यावर, कायमची. बारा वर्षांत तुपाचे किती डबे तळ्यात गेले हे मामींना पाठ होतं, त्यामुळे अपिलाला जागा नव्हती.

मामांची झोप उडाली. माणसाला एकच शौक, तोही असा कुणाला त्रास न देणारा, आणि त्यावर ही टांगती तलवार! ते रोज जायला लागले. वार न बघता. इथंच चुकले.

घट बसायला चार दिवस उरले असताना मोरपिसाची दांडी बुडाली. अर्धा तास झटापट झाली. भूपेंद्र कमरेइतक्या पाण्यात उतरला, मामा एकदा बसले, एकदा पडले, आणि शेवटी चारेक किलोचा कटला काठावर आला. बायकोला जिवंत पुरावा दाखवायचा म्हणून मामांनी तो पाण्याच्या ड्रममध्ये घातला, ड्रम ई-रिक्षात घातला आणि गावातून वरातीसारखे आले. वाटेत मला फोन केला, म्हणून मी हजर.

मामी दारात आल्या. ड्रममध्ये वाकून पाहिलं. चष्मा लावला. ओठ पाहिला. "भोक आहे," म्हणाल्या, आणि जरा खट्टूच झाल्या. मग सरळ होऊन विचारलं, "अहो, आज वार कोणता?"

मामांचा चेहरा उतरला. गुरुवार! दत्ताचा वार, आणि तो पाळणारे खुद्द मामाच. उद्या शुक्रवार, मामींच्या देवीचा. परवा शनिवार, मुलाच्या मारुतीचा. मोकळा एकटा रविवार, आणि सोमवारी घट.

"मारून फ्रीजमध्ये ठेवू?" मामांनी हळूच विचारलं.

"वाराच्या दिवशी? या घरात?"

तेव्हा कटला मागल्या अंगणातल्या हौदात गेला. रविवारपर्यंत पाहुणा.

पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत. शुक्रवारी मामींनी स्वतः उपास धरला आणि त्याला बाफल्याची कणीक घातली. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. तो वर आला, जबडा पुढे काढला आणि काहीतरी मनाविरुद्ध झाल्यासारखा बघत राहिला. मामींनी तोंडाला पदर लावला. "बाई गं! हे तर अगदी कुक्षीचे भाऊजी!"

कुक्षीचे भाऊजी म्हणजे मामांचे थोरले बंधू रघुजी. ते प्रत्येक लग्नात जेवणावर असेच रुसून बसतात. सून ईशानी हसून हसून खाली बसली. शनिवारी मी गेलो तर ती हौदाशी उभी. "आईसाहेब, या ना जल्दी! भाऊजी तुम्हालाच शोधून राहिलेत!" आणि मामी हातातलं काम टाकून आल्या.

रविवारी मला पंच म्हणून जेवायला बोलावलं. वाटण तयार होतं. अंगणात विळी मांडून मामी बसल्या होत्या आणि हौदाकडे बघत नव्हत्या. कटला मात्र त्यांच्या बांगड्या ऐकून वर आला आणि तोंड उघडून थांबला.

"काढा त्यांना," मामी म्हणाल्या. 'त्यांना' म्हणाल्या, हे मी ऐकलं.

मामांनी बाह्या सरसावल्या. हौदाशी उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग आत गेले, बंसी घेऊन आले आणि विळीशेजारी ठेवली.

"ठेव माळ्यावर. हरलो मी."

बारा वर्षांत एकदाच जिंकलेला माणूस असा हरायला तयार होतो, याचा मला राग आला. माशाच्या वाटणात बटाटे शिजले. दुपारी ड्रम पुन्हा ई-रिक्षात चढला. या खेपेला मामीही बरोबर बसल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्या तळ्यावर गेल्या. कटला पाण्यात सोडला तेव्हा भूपेंद्रने कपाळाला हात लावला. "काकासाब, घर दिखाने ले गए थे क्या?"

बंसी माळ्यावर गेली. मामींनी दिलेला शब्द मोडला नाही आणि मामांनी बंसी परत मागितली नाही. घट बसले, चंपाषष्ठी झाली, घट उठले. मामा घरातच. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे लावून ठेवले, मग ते मामींना सापडेनात. भाजीत मीठ किती हे सांगायला लागले. संध्याकाळी गप्प बसून भिंतीकडे बघायचे, तेही दांडीकडे बघावं तसं.

पुढच्या गुरुवारी सकाळी मामींनी स्टूल लावलं, बंसी खाली काढली, फडक्यानं पुसली आणि मामांच्या पुढ्यात धरली.

"गुरुवार, शुक्रवार, शनिवार जायचं. एरवी नाही. त्या दिवशी लागला तरी घरात आणता येत नाही, सोडावाच लागतो."

मामा बंसी घेऊन उठले. दारापर्यंत गेल्यावर मामींनी हाक मारली आणि हातात डबा ठेवला. त्यात बाफल्याची कणीक होती, तूप नेहमीपेक्षा जास्त.

"हे भाऊजींना," मामी म्हणाल्या. "गळाला लावायचं नाही."