पिशवीच्या पट्ट्याला हिरवा दोरा

आधीच सांगते — भूत, संकेत, साक्षात्कार यातलं मी काहीही मानत नाही. मैसूरच्या चौकाचौकांत उभी राहून ‘पुरावा मागा!’ अशी पत्रकं मी स्वतः वाटली आहेत. म्हणूनच हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

हुणसूरच्या पुढे टेकडीवर एक जुना मठ आहे. तिथल्या पंगतीत आईला एकदा माझ्याबरोबर जेवायचं होतं. बोगादीतल्या आमच्या घरी ती शिवणकाम करायची. मी दरवेळी सुनावायचे, “जिथे काहींना आत आणि काहींना बाहेर बसवतात, तिथे मी पाणीसुद्धा पिणार नाही!” मशीनवरून मान न उचलता ती म्हणायची, “अय्यो, भाषण पुरे ग. पिशवीचा पट्टा उसवलाय तुझ्या. दे इकडे, दोन टाके घालते.”

“नंतर.” माझं ठरलेलं उत्तर.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली.

परवा रविवारी एकटीच निघाले. सकाळची बस, मग पायऱ्या. अर्ध्यावर पट्टा सुटलाच, गाठ मारली. पंगतीत पिशवी नेऊ देत नाहीत, म्हणून दारात चपला सांभाळणाऱ्या अज्जीकडे ठेवली.

आत सगळ्यांची एकच पंगत! वाढणाऱ्याला विचारलं, कधीपासून? “बरीच वर्षं झाली, अक्का.” पुरावा मागणारी मी... साधी चौकशीही केली नव्हती. सगळे घरच्यांबरोबर बसलेले. माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

बाहेर आले. पिशवीच्या पट्ट्याला गाठ नव्हती — तो शिवलेला होता. हिरवा दोरा. शेवटी तीन उलटे टाके, आणि दातांनी तोडलेलं टोक... आई तसंच तोडायची.

“कोणी शिवलं?”

“यारू बरलिल्ला, मगळे.” कोणी आलं नाही ग पोरी. अज्जीची बोटं तर संधिवाताने वाकडी झालेली. ती सुई धरणार कशी?

चळवळीतला मित्र म्हणाला, “उसवून बघ. घरातल्या रिळाशी दोरा जुळव. तूच शिकवतेस ना आम्हाला?”

बरोबर आहे त्याचं. हिरवं रीळ अजून मशीनवरच आहे. कात्री घेऊन दोनदा बसले... हात चालला नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पत्रकं मात्र आता हातात धरून नेते. पट्ट्यावर भार नको.