धुक्यातली हाक

पौषातल्या त्या सकाळी समोरच्या अर्धवट इमारतीवर दाट धुकं उतरलं होतं. अवकाळी पावसानं परांचीचे बांबू अजून ओले होते. वर प्लास्टर करणारा गवंडी दिसतच नव्हता, नुसती त्याच्या थापीची खरखर ऐकू येत होती. खाली त्याची बायको गारठलेल्या हातांनी माल कालवत होती.

खरखर एकाएकी थांबली.

“आवं, हायसा न्हवं?” तिनं वर पाहत हाक मारली.

उत्तर येईना. समोरच्या घरात मी खिडकीचे गज घट्ट धरले.

“हाय की! बोटं आखडल्यात, चोळतोय जरा.”

ती पुन्हा कामाला लागली. धुक्यात सारं जग जणू एका हाकेएवढंच उरलं होतं.

तो दिसेपर्यंत मी खिडकी सोडली नाही. तिनं मात्र पुन्हा वर पाहिलं नाही. तिला आवाज पुरला होता.