यंदावाल्या ताई

ताईंनी मला "तू कशी आहेस" असं कधी विचारलंच नाही. त्या विचारायच्या, "यंदा कसं?" माणसाला कोण आवडतं आणि वर्षं जातील तसं ते बदलतं का, हा त्यांच्या मानसशास्त्राच्या संशोधनाचा विषय. सौसरच्या कॉलेजात शिकवायच्या, भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि आम्हा काही मुलामुलींना दरवर्षी भेटून तेच प्रश्न नव्यानं विचारायच्या. आम्ही आपसांत त्यांना यंदावाल्या ताईच म्हणायचो.

मी चिडायचे. "ताई, मागच्या वर्षीच सांगितलं ना, मला मुलीच आवडतात म्हणून?"

"ते मागच्या वर्षीचं. मी काही तुला बांधून ठेवायला नाही आली."

इतकं मोकळं मला घरात कोणी सोडलं नव्हतं.

सावरगावला आमच्या घरी लोधीखेड्याचं स्थळ ठरत आलं, तेव्हा मी बाबांना सगळं खरं सांगून टाकलं, ताईंच्या अभ्यासासकट. बाबा संत्र्याचे बागाईतदार. बहार हवा असला की झाडाचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा, यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी मलाही तसाच ताण दिला. फोन काढून घेतला, पांढुर्ण्याच्या शाळेतली माझी नोकरी बंद केली, घरात कोणी माझ्याशी बोलायचं नाही. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारचा. शुक्रवारी त्यांनी ताईंना घरी बोलावलं.

"तुमच्या अभ्यासात माणसाचं मन बदलते म्हणते ना ही? मंग हिलेही सांगा, बदलते म्हणून. पाहुणे येऊन राहिले."

ताई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

"काहींचं बदलते, काका," ताई म्हणाल्याच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकले. "पण आपोआप. कोणी बदलवलं म्हणून बदललं, असं माझ्या पाहण्यात एकही नाही. संत्र्याला ताण दिला तर संत्र्याचाच बहार फुटते. लिंबाचा फुटलेला पाहिला काय तुम्ही?"

बाबा उठून अंगणात गेले आणि लोधीखेड्याला फोन लावून येऊ नका म्हणाले. माझ्याशी मात्र त्या दिवशीही बोलले नाहीत.

बोभाटा व्हायचा तो झालाच. कॉलेजवाल्या बाईनं ठरलेलं लग्न मोडलं, पोरगी बिघडवली. घरमालकानं ताईंना खोली सोडायला सांगितलं. माझ्या मनात आधीपासून काय होतं, एवढं त्या बोलल्या असत्या तरी सुटल्या असत्या. त्या बोलल्या नाहीत.

मी तशीच सौसरला गेले. दारात टेम्पो उभा होता.

"ताई, मीच सांगते घरमालकाला."

"तुला सांगायचं असलं तेव्हा तुझ्यासाठी सांग. माझ्या खोलीसाठी नको," त्या म्हणाल्या आणि पलंगाचं दुसरं टोक मला धरायला लावलं.