ह्या देवाला मराठी येत नाही

ज्याला कोणत्याही भाषेत हाक मारावी आणि ज्याने ती ओळखावी; शेषावर पहुडलेला असूनही भक्ताचा शब्द ऐकू यावा म्हणून जो मान उचलून अर्धा उठतो, त्या कुंभकोणनिवासी शार्ङ्गपाणीला आधी वंदन. देवा, तुझे कान मोठे आणि तुझा धीर त्याहून मोठा. त्यातला ओंजळभर धीर तुझ्या देवळामागच्या गल्लीतल्या एका घरी हवा आहे.

त्या गल्लीत दिवसभर तांबटांच्या हातोड्या पितळेवर वाजतात. तिथेच नंदिता राहते. मुलींच्या शाळेत गणित शिकवते. लग्न केले नाही. वडील गेल्यापासून आई आणि ती, अशा दोघीच. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि कावेरीकाठी रुजले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा त्या घराचा नियम. चपला आणि तमिळ दोन्ही दाराशीच काढायची, असे आई सीतालक्ष्मी हसत म्हणायची. धुणेभांडी करणाऱ्या भारतीशी ती मागच्या अंगणात तमिळमध्ये बोले आणि स्वयंपाकघरात पाऊल ठेवताच जुन्या वळणाची मराठी सुरू करी.

त्या मराठीचा पहिला श्रोता देव्हाऱ्यातला विठ्ठल. वीतभर उंचीचा, पंचधातूचा, वर्षानुवर्षांच्या तेलाने काळवंडलेला. रोज नैवेद्याचे पान त्याच्यापुढे ठेवून सीतालक्ष्मी म्हणायची, "ये रे, जेव." मग डोळे मिटून बसायची. थोड्या वेळाने "जेवला," असे म्हणून उठायची आणि मगच स्वतः जेवायची. देव जेवल्याचे तिला कसे कळते, हे घरात कोणी कधी विचारले नाही. विचारण्यासारखे ते वाटलेही नाही.

पुढे आईची आठवण विरत चालली. कढई गॅसवर राहू लागली, नावांची अदलाबदल होऊ लागली. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हा शब्द उच्चारला. ते सारे नंदिताने सोसले. पण विठ्ठलाची बैठक डळमळू लागली म्हणून तिने मूर्ती गल्लीतल्या जानकीराम तांबटाकडे दिली, आणि तिथे अघटित घडले. त्याने बैठक पक्की केली आणि प्रेमाने मूर्ती चिंचेने घासूनही दिली. विठ्ठल सोन्यासारखा लखलखत घरी आला.

सीतालक्ष्मीने पान वाढले. "ये रे, जेव," म्हणाली. डोळे मिटले. बराच वेळ गेला. डोळे उघडून तिने मूर्तीकडे पाहिले, मग मुलीकडे.

"हा कोण गे? हा आपला नव्हे."

"आई, आपलाच. घासून आणलाय."

"ह्यास मराठी येत नाही," सीतालक्ष्मी म्हणाली. "मी जेव म्हटलें, हा नुसता पाहातो. बाजारचा आहे हा. आपला कोठें विकलास?"

सज्जनहो, त्या दिवसापासून त्या घरात हा एकच प्रश्न. सकाळी तोच, दुपारी तोच, शाळेतून दमून आल्यावर दारात तोच. देव खोटा, म्हणून नैवेद्य खोटा; नैवेद्य खोटा, म्हणून खरा देव उपाशी; देवाआधी सीतालक्ष्मी जेवणार कशी? ताट परत जाई. हातातल्या बांगड्या मनगटावरून घसरू लागल्या. डॉक्टर म्हणाले, असेच राहिले तर नाकातून नळी घालावी लागेल.

नंदिता गणिताची बाई. तिने सिद्धता मांडल्या. आईच्या लग्नातला, विठ्ठलासह काढलेला जुना फोटो आणला: बघ, तोच मुकुट, तेच कमरेवरचे कर. आईने फोटो न्याहाळला. "हा आपला. तोच विकलास." मग मूर्तीच्या डाव्या कोपरावरची खोक दाखवली, वडिलांच्या हातून पडून झालेली. सीतालक्ष्मीने खोकेवर बोट फिरवले. "खोकही पाडली? मोठे कामसू चोर तुझे." शेवटी जानकीरामालाच बोलावले. तो बिचारा हात जोडून शपथा घेऊ लागला, तशी म्हातारी तमिळमध्ये कडाडली. तो उलट्या पावली गेला, आणि आता नंदिता दिसली की मान खाली घालून हातोडी अधिकच जोरात आपटतो.

बंगळुरूहून थोरल्या भावाचा, प्रणेशचा, फोन येई. "नंदी, अशा माणसांशी वाद घालायचा नसतो. एक व्हिडिओ पाठवलाय, बघ. शांत राहायचं."

"अण्णा," नंदिता म्हणाली, "तूच ये, आणि तो व्हिडिओ तिला भरव."

फोन ठेवल्यावर तिला वाईट वाटले, पण परत फोन करण्याइतके नाही.

सगळ्यात खोल घाव निराळाच होता. आई तिच्याशी तमिळमध्ये बोलू लागली. पाणी आण, दिवा मालव, कोण आहेस तू, सारे तमिळमध्ये. ज्या भाषेत भाजीवालीशी घासाघीस करायची, त्या भाषेत पोटच्या पोरीशी! विठ्ठलाबरोबर मुलगीही बाहेरची ठरली होती. नंदिता हट्टाने मराठीत उत्तर देई. आई त्या मराठीकडे संशयाने पाही, जणू तीही चोरलेली.

मग तो रविवार आला. नंदिताने सार केले होते, घेवड्याची भाजी, आईला आवडतो तसा मऊ दहीभात. केळीचे पान विठ्ठलापुढे मांडले. सीतालक्ष्मी पानाकडे न पाहता तडक दारात गेली आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडू लागली, "तिरुडी! तिरुडी!" चोरटी, चोरटी. हातोड्या थांबल्या. मागच्या दारी भारती हातातले भांडे तसेच धरून उभी राहिली. समोरच्या दुकानातून फुले घेणारी, नंदिताच्याच शाळेतल्या एका मुलीची आई वळून बघू लागली.

नंदिताने आईला दंडाला धरून आत आणले. दार लोटले. आणि इतके दिवस दाबून ठेवलेले सारे एका श्वासात बाहेर पडले.

"हो! विकला! मीच बदलला! हा आपला नाहीच. तमिळ आहे, परका आहे, काडीचं मराठी कळत नाही त्याला! झालं समाधान? परका आहे म्हणून काय उपाशी मारणार आहेस त्याला?"

बोलून झाले. देवापुढे केवढे खोटे बोलले! आईवर ओरडले! आता आईचे रडणे, नाहीतर पुन्हा दारात धावणे, असे काहीतरी होणार म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

काहीच झाले नाही. डोळे उघडले, तर सीतालक्ष्मी विठ्ठलाकडे पाहत होती. तिचा चेहरा सैल झाला होता.

"परका?" ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "मग आधी सांगावें कीं नाहीं? मी नुसतें जेव जेव म्हणते. त्यास काय कळणार, पाप बिचारा!"

ती देव्हाऱ्यापुढे बसली. पानावरचा भात चिमटीत उचलून मूर्तीच्या ओठांशी नेला. "हें बघ. भात. म्हण, भात." मग सारात बोट बुडवून, "हें सार. आंबट आहे, भिऊ नको." शिकवायचे तर खाऊन दाखवायला हवे, म्हणून तो घास तिने स्वतःच्या तोंडात घातला. चावला. गिळला. "असें. जेवणें म्हणजे असें." दुसरा घास. तिसरा.

नंदिता भिंतीला टेकून खाली बसली. आईची नजर तिच्याकडे वळली.

"तूही बस. तुजही येत नाहीं ना आमची भाषा? दोघेंही शिका. म्हण, भात."

वर्गात मुलींना प्रमेये शिकवणारी नंदिता त्या क्षणी काय म्हणणार होती? आई, ही भाषा तूच माझ्या तोंडात घातलीस. मी तुझी लेक. मी चोर नाही. सारे ओठांपर्यंत आले. तिने आईचा चघळणारा जबडा पाहिला.

"भात," नंदिता म्हणाली.

"उच्चार बेस नाहीं," सीतालक्ष्मी म्हणाली आणि दहीभाताकडे वळली.

कोणी म्हणेल, इथे सारे गोड झाले. झाले नाही. दुसऱ्या दुपारी सारे पुसलेले होते. पुन्हा हा कोण, पुन्हा कोठें विकलास. पुन्हा नंदिताला न केलेली चोरी देवासमोर कबूल करावी लागली, तेव्हा घास पोटात गेला. रोज तेच. रोज मनातल्या खऱ्याला गप्प बसवायचे आणि खोट्याची साक्ष द्यायची. कधी शिकवणी चालते. कधी आई पान लोटून देते आणि दारातून तीच हाक गल्लीभर जाते. तेव्हा नंदिता भिंतीवर मूठ आपटते, विठ्ठलाला म्हणते, "एकदा तरी बोल की रे मराठीत!" तो लखलखत उभा राहतो. पण बांगड्या आता घसरत नाहीत, आणि डॉक्टरांनी नळीचे नाव काढलेले नाही. चमकही हळूहळू मंदावते आहे. नंदिता मूर्तीला रोज थोडे तेल लावते आणि वाट पाहते.

हे शार्ङ्गपाणी, हे विठ्ठला, तुम्ही एकच, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिचे ते खोटे बोलणे तुळशीच्या पानासारखे स्वीकारा. सीतालक्ष्मीच्या मुखी घास राहो, तिच्या भयाला झोप लागो. जानकीरामाच्या हातोडीचा संकोच जावो, प्रणेशला गाडीचे तिकीट काढण्याची बुद्धी होवो. त्या चुलीवर सार उकळत राहो, त्या उंबऱ्याआत मराठी नांदत राहो. आणि आपल्याच घरी रोज पाहुणी ठरणाऱ्या त्या लेकीला, नंदिताला, एखाद्या दुपारी तिची आई तिच्या नावाने हाक मारो. कल्याण असो, त्या घराचे कल्याण असो.